गिरणगावचा इतिहास नकाशावर मांडायचा आहे. सुरुवात कशापासून करावी?

प्रश्न : पोटमाळा

नमस्कार. लालबाग-परळ भागातील एका जुन्या वाचनालयाचे आम्ही काही कार्यकर्ते आहोत. वाचनालयाची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावी लागणार असल्याने पोटमाळ्यावरच्या पेट्या आणि कपाटे उघडली गेली आणि त्यांतून अपेक्षेपेक्षा बरेच काही निघाले. गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, युनियनची हस्तपत्रके, कामगार नाटकांची हँडबिले, बदली कामगारांचे पास, खोलीभाड्याच्या पावत्या, एका गावकरी मंडळाची इतिवृत्ताची वही आणि १९८२ च्या संपकाळातील काही छायाचित्रे. या छायाचित्रांच्या पाठीवर पेन्सिलीने काही ना काही लिहिलेले आहे. एकावर तर फक्त "गेटवर" एवढेच आहे, कोणत्या गिरणीचे गेट ते नाही.

हे सारे ऑनलाइन आणावे याबद्दल आमच्यात दुमत नाही. तरुण सभासदांचे म्हणणे असे की आधी नकाशा तयार करावा, त्यावर गिरण्या, चाळी, खानावळी, नाट्यगृहे आणि सभांची मैदाने दाखवावीत आणि प्रत्येक ठिकाणावर बोट ठेवले की तिथले कागद व छायाचित्रे दिसावीत, कारण लोक नकाशा पाहतात, याद्या पाहत नाहीत. ज्येष्ठ सभासदांचा आग्रह आहे की जोवर प्रत्येक कागदाची नोंद होत नाही तोवर कशालाही हात लावू नये. दोन्ही बाजूंत तथ्य आहे असे मला वाटते आणि त्यामुळेच काम पुढे सरकत नाही. एका व्यावसायिक संस्थेने सगळे करून देण्याचा प्रस्ताव दिला आहे, परंतु त्यात सामग्री त्यांच्याच सर्व्हरवर राहणार असून दरवर्षी भाडे द्यावे लागेल.

जाणकारांना माझे प्रश्न असे : सुरुवात नेमकी कुठून करावी? रस्त्यांची आणि गिरण्यांची नावे अनेकदा बदलली आहेत, ती कशी हाताळावीत? ज्या कागदाचे ठिकाण नीट ठाऊक नाही त्याचे काय करावे? आणि यातले काय प्रसिद्ध करण्याचा आम्हाला अधिकार आहे? आमच्याकडे एक संगणक, एक साधा फ्लॅटबेड स्कॅनर आणि शनिवार-रविवारी वेळ देणारे आठ-दहा लोक आहेत.

प्रतिसाद १ : दप्तरखाना

मी आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या बाजूने आहे, पण माझे कारण कदाचित त्यांच्याहून वेगळे असेल. ऑनलाइन इतिहासाच्या प्रकल्पांत सर्वांत आधी मरतो तो नकाशा. गूगलची फ्यूजन टेबल्स ही सेवा वापरून जगभरच्या हौशी आणि विद्यापीठीय मंडळींनी नकाशे उभे केले होते. ती सेवा ३ डिसेंबर २०१९ रोजी बंद झाली. फ्लॅश या जुन्या ब्राउझर-तंत्रावर चालणारी दालने आणि कालरेषा ३१ डिसेंबर २०२० रोजी त्या तंत्राचा आधार संपताच अंधारात गेल्या. अशा वेळी ज्यांच्याकडे मूळ माहिती साध्या तक्त्यात होती त्यांना दुसरा नकाशा उभारता येतो, आणि ज्यांनी सगळा मजकूर थेट नकाशातच टंकला असेल त्यांच्या हाती फार तर काही स्क्रीनशॉट उरतात. म्हणून नकाशा जरूर करा, पण तो तक्त्यातून निघू द्या आणि तक्ता कायम आपल्या हातात ठेवा.

तक्ता म्हणजे काही मोठे प्रकरण नाही. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, आणि त्यासमोर ती काय आहे, कुणी तयार केली, केव्हा, कुणाकडून आली, भाषा, आकार, हक्कांची स्थिती आणि ठिकाण. ग्रंथालयशास्त्रात यासाठी डब्लिन कोअर नावाची पंधरा घटकांची सोपी पद्धत रूढ आहे आणि ओमेकासारखी मोफत प्रणाली तीच वापरते. हा तक्ता सीएसव्ही या साध्या मजकूर फाइलीत, युटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत साठवावा, म्हणजे तो उद्या कोणत्याही संगणकावर उघडेल. फाइलीच्या नावात "लालबाग गणपती जुना फोटो अंतिम नवा" असली वर्णने कोंबू नयेत. नावात फक्त क्रमांक असावा आणि वर्णन तक्त्यात.

स्कॅन करताना कागदांसाठी ४०० डीपीआय (दर इंचातील बिंदू) आणि छायाचित्रांसाठी ६०० डीपीआय पुरेसे आहे. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. डाग काढणे, उजेड वाढवणे, कडा कापणे हे सर्व जेपेग प्रतीवर करावे. छायाचित्राची पाठ न चुकता स्कॅन करा. आपल्या "गेटवर" या एका शब्दाचे हस्ताक्षर दुसऱ्या एखाद्या छायाचित्रामागच्या सविस्तर मजकुराशी जुळले, तर गिरणी ओळखण्याचा तोच मार्ग ठरेल.

स्मरणिकांबाबत एक इशारा. १९९० नंतरच्या अंकांच्या डीटीपी फाइली एखाद्या मुद्रकाकडे मिळाल्या तरी हुरळून जाऊ नका. त्या बहुधा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात, पडद्यावर मराठी दिसते पण शोधायला गेले की काहीच सापडत नाही; त्यांचे रूपांतर करूनही जोडाक्षरे तपासावी लागतात. त्याआधीच्या खिळाछपाईच्या अंकांसाठी टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणारे सॉफ्टवेअर) मराठी वाचते, मात्र झिजलेल्या खिळ्यांमुळे अनुस्वार आणि रफार गळतात. ते मुद्रितशोधन माणसानेच करायचे आहे, आणि आपल्या निवृत्त सभासदांना हे काम मनापासून आवडेल असा माझा अंदाज आहे.

व्यावसायिक संस्थेच्या प्रस्तावाबद्दल एवढेच म्हणेन की मोठ्या संस्थांचे सर्व्हरही कोसळतात. ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीच्या अनेक ऑनलाइन सेवा महिनोन्‌महिने बंद होत्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हलाही काही दिवस तोच अनुभव आला. तीन प्रती ठेवाव्यात : एक वाचनालयात, एक दुसऱ्या उपनगरातील सभासदाच्या घरी हार्ड डिस्कवर आणि एक ऑनलाइन. भाडे थकल्यावर सामग्री कोणत्या स्वरूपात परत मिळेल, याचे लेखी उत्तर त्या संस्थेकडून आधी घ्यावे.

प्रतिसाद २ : अक्षांश_रेखांश

वरील प्रतिसादाशी सहमत. मी फक्त ठिकाणांविषयी लिहितो, कारण असे प्रकल्प बहुधा तिथेच अडतात.

कागदाच्या नोंदीत ठिकाणाचे नाव थेट लिहू नका. स्थळांचा स्वतंत्र तक्ता करा आणि कागदाच्या नोंदीत त्या स्थळाचा फक्त क्रमांक द्या. नावांसाठी तिसरा तक्ता असावा, ज्यात स्थळ क्रमांक, नाव, ते नाव कोणत्या काळात कागदोपत्री दिसते आणि कोणत्या कागदात दिसते, अशा चार गोष्टी असतील. जेकब सर्कल, सात रस्ता आणि संत गाडगे महाराज चौक ही एकाच जागेची नावे आहेत, पण ती एकामागून एक आलेली नाहीत. बोलण्यात आणि कागदावर ती एकाच वेळी नांदली आहेत. डिलाईल रोड आणि ना. म. जोशी मार्ग यांचेही तेच. "जुने नाव" आणि "नवे नाव" असे दोनच रकाने ठेवले तर ही सगळी गुंतागुंत सपाट होते. एल्फिन्स्टन रोड स्थानकासारख्या ठिकाणी, जिथे जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी हे नाव अधिकृतपणे आले, तिथे तारीख लिहिता येते; इतरत्र "या साली या कागदात हे नाव आढळते" एवढेच लिहावे आणि तेवढे पुरते.

गिरण्यांचे प्रकरण अधिक गमतीचे आहे. ई. डी. ससून समूहाच्या गिरण्या पुढे इंडिया युनायटेड मिल या नावाने आणि क्रमांकांनी ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांतील सहा क्रमांकाची गिरणी म्हणजे दादरची इंदू मिल, जिच्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक उभे राहत आहे. येथे जागा एक, आस्थापना वेगवेगळ्या, आणि लोकांच्या तोंडचे नाव तिसरेच. जागा आणि आस्थापना यांना स्वतंत्र क्रमांक दिले नाहीत, तर पुढे मालकी बदलल्याची प्रत्येक नोंद डोकेदुखी ठरेल.

आता जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवण्याबद्दल. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे. जुन्या नकाशावरचा एक बिंदू आणि आज त्याच जागी असलेला बिंदू अशा जोड्या द्यायच्या, आणि सॉफ्टवेअर नकाशा ताणून बसवते. बिंदू निवडताना किनाऱ्यावर विसंबू नका, भरावाने तो हलला आहे. पूल, देवळे, रेल्वे ओलांडणारे रस्ते आणि परळच्या हाफकिन संस्थेसारख्या जुन्या वास्तू घ्याव्यात, तेही चारही कोपऱ्यांत विखुरलेले. पहिल्यांदा साधे रेषीय रूपांतर वापरून प्रत्येक बिंदू किती मीटरने चुकतो ते पाहावे. पुष्कळ जण थेट थिन प्लेट स्प्लाइन निवडतात, कारण त्यात चूक शून्य दिसते. पण ती पद्धत प्रत्येक बिंदूला जबरदस्तीने जागेवर बसवते, त्यामुळे तुम्ही भलत्याच देवळावर बोट ठेवले असले तरी सॉफ्टवेअर तक्रार करत नाही आणि आजूबाजूच्या चार गल्ल्या मात्र वाकड्या होतात.

गिरणगावच्या आरंभीच्या काळासाठी १८७२ च्या सुमारास पूर्ण झालेली लॉटन यांची सर्वेक्षणपत्रे पाहावीत. त्यांत एकेका इमारतीचा आकार दिसतो. ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांच्या गिरणीची स्थापना १८५४ ची, आणि बीडीडी चाळी १९२० नंतरच्या, म्हणजे एकच पायाभूत नकाशा तुम्हाला पुरणार नाही. निदान तीन काळांचे तीन थर लागतील. नाहीशा झालेल्या इमारती ओपनस्ट्रीटमॅपवर टाकू नका, तिथे आज जे उभे आहे तेच नोंदवतात. गेलेल्या गोष्टींसाठी ओपनहिस्टॉरिकलमॅप हा वेगळा प्रकल्प आहे. आणि गूगलच्या नकाशावरून रेषा गिरवून त्या या प्रकल्पांत भरू नयेत, परवान्याच्या दृष्टीने ते चालत नाही.

"गेटवर" या छायाचित्राला बिंदू देऊ नका. स्थळाच्या नोंदीत खात्रीची पातळी लिहा : इमारत, रस्ता, वस्ती किंवा शहर. नकाशावर वस्तीपातळीची नोंद अख्ख्या वस्तीवर फिक्या रंगात दाखवता येते. हे केले नाही तर फक्त "मुंबई" असे लिहिलेले सारे कागद सॉफ्टवेअर शहराच्या मध्यबिंदूवर नेऊन रचते, आणि पाहणाऱ्याला वाटते की १९८२ चा संप त्याच एका चौकात झाला.

प्रतिसाद ३ : रातपाळी

वरचे दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, तरीही मला एक हरकत नोंदवायची आहे. तुम्ही बिंदूंचा नकाशा कराल तर त्यावर गिरण्या ठळक दिसतील आणि माणसे पुसट, कारण गिरण्यांना पत्ता होता, नकाशा होता, वार्षिक अहवाल होता. मोठे प्रकल्पही यातून सुटलेले नाहीत. अटलांटिकपारच्या गुलामव्यापाराचा 'स्लेव्ह व्हॉयेजेस' हा विदासंग्रह ३५ हजारांहून अधिक सफरींची नोंद ठेवतो आणि या विषयातील संशोधनाचा तो आधारस्तंभ आहे, परंतु मुळातले कागद व्यापाऱ्यांचे आणि बंदरांचे असल्यामुळे जहाजाचे नाव, कप्तान आणि निघण्याची तारीख सापडते, तर त्यात कोंबलेल्या बहुतेक माणसांची नावे सापडत नाहीत. या उणिवेची जाणीव असल्यानेच आफ्रिकन व्यक्तींच्या नावांची वेगळी नोंद त्या प्रकल्पाला जोडावी लागली.

गिरणगावात माणसाचा पत्ता म्हणजे काय, हाच आधी प्रश्न आहे. एका खोलीत एकाच गावचे कितीतरी पुरुष राहत, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागी अंग टाकी. जेवण खानावळीत, कुटुंब गावी, मनीऑर्डर दरमहा कोकणात किंवा घाटावर. या माणसाला नकाशावर एक बिंदू देऊन काय कळणार? तुमच्याकडची सर्वांत मोलाची वस्तू माझ्या मते छायाचित्रे नाहीत, गावकरी मंडळाची वही आहे. तिच्यात कोणत्या गावचा कोण कोणत्या चाळीत उतरला, वर्गणी कुणी थकवली, गावच्या देवळासाठी किती पैसे गेले, हे असण्याची दाट शक्यता आहे. त्या वहीतून बिंदू काढू नका. गाव, खोली, गिरणी आणि माणूस यांना जोडणाऱ्या रेषा काढा. नकाशा मग लालबागपुरता उरणार नाही, तो रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि सातारा-सांगलीपर्यंत ओढला जाईल, आणि ते योग्यच होईल.

दुसरे, खानावळी. त्या चालवणाऱ्या बायकांचे नाव कोणत्याही गिरणीच्या कागदावर नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले ते याच बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. त्यांचा शोध घ्यायचा तर कागद पुरणार नाहीत, बोलावे लागेल. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या मौखिक इतिहासाचे जे मोठे काम करून २००४ साली ग्रंथरूपाने आणले, त्याच्या पुढचे पाऊल म्हणून तुमच्या प्रकल्पाकडे पाहता येईल.

नमुना हवा असेल तर परदेशात जायची गरज नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर त्या टप्प्याटप्प्याने ध्वनिमुद्रण, मजकूर आणि अनुवादासह येत आहेत. तिथे ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो. नकाशा हवा असेल तर या माहितीतून तो सहज काढता येईल, पण नोंदीचा कणा आहे ती गाणारी बाई. तुमच्या तक्त्यात "व्यक्ती" हा पहिल्या दर्जाचा तक्ता असावा, शेवटच्या रकान्यातला उल्लेख नसावा.

आणि हे काम स्कॅनिंगच्या आधी करा असे मी म्हणेन, कारण कागद अजून दहा वर्षे टिकतील. संपकाळात तिशीत असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. छायाचित्रांच्या मोठ्या छापील प्रती घेऊन चाळीत बसा, चहा मागवा आणि लोकांना एकमेकांत वाद घालू द्या. गेट कोणत्या गिरणीचे ते मागच्या चिमणीवरून किंवा समोरच्या हॉटेलाच्या पाटीवरून कुणीतरी ओळखेल, आणि दोघांनी दोन गिरण्या सांगितल्या तर दोन्ही उत्तरे सांगणाऱ्यांच्या नावांसह नोंदवा.

प्रतिसाद ४ : वकिली_चष्मा

हक्कांच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही, म्हणून थोडक्यात. स्कॅन करणे आणि प्रसिद्ध करणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशी तरतूद आहे की अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःकडे मूळ प्रत असलेल्या साहित्याची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत साठवता येते. आपले वाचनालय त्यात बसत असेल तर स्कॅनिंगची चिंता करू नये. संकेतस्थळावर टाकणे मात्र त्यात येत नाही.

लेखकाच्या नावाने छापलेला लेख त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षित असतो. निनावी मजकूर प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. छायाचित्रांना २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हाच नियम आहे. म्हणजे १९८२ मध्ये निघालेले निनावी हस्तपत्रक २०४२ संपेपर्यंत मुक्त होत नाही. व्यवहारात युनियन किंवा मंडळ हयात असेल तर एका पत्राने परवानगी मिळते आणि ती मागावी. छायाचित्र पेटीत सापडले म्हणून त्याचे हक्क आपले होत नाहीत. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, ते काढून घेणाऱ्याचा असतो.

याहून नाजूक बाब म्हणजे भाडेपावत्या. पुनर्विकासाच्या काळात कोणत्या खोलीवर कुणाचे नाव होते हा घराघरातला आणि कधी कधी न्यायालयातला वाद असतो. अशा पावत्या जतन करा, नोंदवा, पण खोली क्रमांक आणि नाव एकत्र दिसेल अशा रीतीने तूर्त खुल्या करू नका. तक्त्यात "केव्हापासून खुले" असा एक रकाना ठेवला की हा प्रश्न मिटतो. मुलाखतींसाठी मराठीत लिहिलेले संमतीपत्र घ्या आणि त्यात संमती मागे घेण्याची सोय ठेवा.

पोटमाळा (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज संध्याकाळी सभासदांच्या बैठकीत हे प्रतिसाद वाचून दाखवले. रातपाळी यांच्या मुद्द्यावर बराच वेळ चर्चा झाली आणि असे ठरले की संपूर्ण गिरणगावाचा विचार बाजूला ठेवून फक्त गावकरी मंडळाची वही आणि संपाची छायाचित्रे एवढ्यापासून सुरुवात करावी. एक गट तक्ता आणि स्कॅनिंग पाहील, दुसरा छायाचित्रे घेऊन चाळींत जाईल. भाडेपावत्या क्रमांक देऊन बंद पेटीत राहतील. व्यावसायिक संस्थेला सामग्री परत देण्याच्या अटींविषयी पत्र लिहिले आहे. तरुण मंडळी थोडी हिरमुसली आहेत, पण स्थळ आणि नावांचे तक्ते त्यांच्याकडे सोपवल्यावर सात रस्त्यावरून त्यांच्यातच वाद सुरू झाला, त्यामुळे काम होईल असे दिसते.

एक व्यावहारिक शंका उरते. वही जाडजूड शिवणीची आहे, पुठ्ठा सुटत आला आहे आणि स्कॅनरवर उलटी दाबली तर शिवण उसवेल अशी भीती वाटते. ती सोडवून सुटी पाने स्कॅन करावीत काय?

दप्तरखाना

कृपया सोडवू नका. पाने सुटी झाली की त्यांचा क्रम हा पुरावाच जातो. वही पूर्ण सपाट न उघडता, दोन्ही बाजूंना पुस्तकांचा किंवा थर्मोकोलचा उतरता आधार देऊन काटकोनापेक्षा थोडीच जास्त उघडी ठेवावी आणि एका बाजूची सर्व पाने आधी, दुसऱ्या बाजूची नंतर, अशी स्टँडवर बसवलेल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घ्यावीत. उजेड खिडकीतून तिरपा न येता दोन्ही बाजूंनी सारखा पडावा, नाहीतर शिवणीजवळच्या ओळी सावलीत जातात. प्रत्येक पानासोबत चौकटीत एक मोजपट्टी ठेवा, म्हणजे मूळ आकार नोंदला जाईल. कोरी पानेही घ्या, आणि पानांत घडी घालून ठेवलेली एखादी चिठ्ठी किंवा पावती सापडली तर ती कोणत्या दोन पानांमध्ये होती ते लिहून मगच बाहेर काढा.